बर्लिनमधली इंटरनॅशनल शाळा: फीचा तक्ता कसा वाचायचा? आणि सरकारी द्विभाषिक शाळेचं काय?

बाणेरची_आई

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी मिळाली आहे. करार तिथल्याच कंपनीचा आहे, त्यामुळे पगार जर्मन, कर जर्मन आणि शाळेची फी आमच्याच खिशातून. येत्या उन्हाळ्यात आम्ही तिघं निघतोय. मुलगी आठ वर्षांची. आमचं घरचं बोलणं मराठी, तिची शाळा इंग्रजी, सोसायटीत खेळताना हिंदी. जर्मन अजिबात येत नाही. पुस्तकवेडी आहे, आणि एखादी गोष्ट आपल्याला समजली नाही की तिला खूप लागतं, म्हणून माझा जीव वरखाली होतोय.

एका इंटरनॅशनल शाळेशी (नाव देत नाही) पत्रव्यवहार चालू आहे. माहितीपत्रकात ‘बहुभाषिक’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. वर्षाची फी 17,400 युरो. तेवढं कसंबसं जमवू म्हणून आम्ही मनाची तयारी केली होती. काल सविस्तर तक्ता आला. नोंदणी 200, एकदाच भरायची प्रवेश फी 4,500, दरवर्षीचा इमारत निधी 1,200, जेवणाचे महिना 110 प्रमाणे अकरा महिने, बस 2,600, आणि ज्या मुलांना जर्मन येत नाही त्यांच्या आधारवर्गाचे वेगळे 2,400. रात्री दोघांनी बेरीज केली तर पहिल्या वर्षाचे 29,510 युरो!

माझे प्रश्न: हे असंच असतं का? यातलं काय टाळता येतं? फीवर करात सूट मिळते म्हणतात, ती खरंच किती? आणि मुख्य म्हणजे, जर्मन न येणारं आठ वर्षांचं मूल सरकारी शाळेत घालणं हा तिच्यावर अन्याय होईल का? किती वर्षं राहू ते आज सांगता येत नाही. तीन तर नक्की, पुढे बहुतेक राहूच.

श्प्रेकाठ

मी बर्लिनमध्ये एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. मुलगा आता सातवीत आहे, इथे आलो तेव्हा तिसरीत होता. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तक्ता. तुमची बेरीज बरोबर आहे आणि असा तक्ता इथे नवलाचा नाही. पण पहिल्या वर्षाच्या आकड्याने घाबरू नका आणि 17,400 च्या आकड्याने निर्धास्तही होऊ नका. नोंदणी आणि प्रवेश फी मिळून 4,700 हे एकदाच. ते वजा केले की दरवर्षीचे 24,810 उरतात. तुमचा खरा आकडा हा. शिवाय वरच्या वर्गात गेल्यावर शिक्षण शुल्क वाढतं का, ते विचारा. बऱ्याच शाळांत प्राथमिक, माध्यमिक आणि शेवटची दोन वर्षं यांचे दर वेगळे असतात.

बस टाळता येते. घर शाळेच्या मार्गावर घ्या, मूल हळूहळू एस-बान (शहरातली लोकल) आणि यू-बान (मेट्रो) शिकतं. बर्लिनच्या शाळकरी मुलांना शहरातला प्रवास 2019 पासून मोफत आहे. आधारवर्गाबद्दल मात्र नीट खोदून विचारा. किती महिने, आठवड्याला किती तास, आणि तो वर्ग चालू असताना बाकीची मुलं काय शिकत असतात?

आता ‘बहुभाषिक’. शाळेला सरळ लिहा: तिसरीत परिसर अभ्यास कोणत्या भाषेत शिकवता? गणित कोणत्या भाषेत? उत्तर ‘सगळं इंग्रजीत आणि जर्मनचा रोज एक तास’ असं आलं, तर ती इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. त्यात वाईट काही नाही. दोन वर्षांनी सिंगापूरला बदली होणार असेल तर तीच उत्तम. पण तुम्ही बहुतेक राहणार म्हणता. मग मुलीला इथल्या मैदानावर, वाढदिवसांना, पोहण्याच्या वर्गात जी भाषा लागणार ती रोज एका तासात येत नाही.

फीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना कोणी सांगत नाही. इथे खाजगी शाळा दोन प्रकारच्या. ‘एर्झात्सशूले’ म्हणजे सरकारी शाळेची जागा घेणारी. जर्मन राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार अशा शाळेने आईवडिलांच्या ऐपतीवरून मुलांची निवड होऊ द्यायची नाही, त्यामुळे बर्लिनमध्ये अशा अनेक शाळांची फी पगाराच्या टप्प्यांप्रमाणे ठरते. ‘एर्गेन्त्सुंग्सशूले’ म्हणजे पूरक शाळा. तिला हे बंधन नाही, आणि इंटरनॅशनल शाळांपैकी बऱ्याच या प्रकारात मोडतात. तुमची शाळा कुठल्या प्रकारची ते पहिल्याच पत्रात विचारा. पूरक शाळा असेल तर सक्तीच्या शिक्षणाची अट तिथे भागते ना, हेही लेखी घ्या. घरी शिकवण्याची मुभा या देशात नाही.

करसूट: शिक्षण शुल्काच्या 30 टक्के, पण एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त 5,000 युरो, करपात्र उत्पन्नातून वजा होतात. तुमच्या 17,400 चे 30 टक्के 5,220 होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली, 5,000 धरायचे. ही रक्कम हातात परत मिळत नाही. तुमच्या वरच्या टप्प्यावरचा कर 40 टक्के धरला तर वाचतात 2,000 युरो. जेवण आणि शाळेनंतर मूल सांभाळण्याचे पैसे यात धरत नाहीत. सांभाळण्याच्या खर्चाला वेगळी सूट आहे: 2025 पासून खर्चाच्या 80 टक्के, एका मुलामागे 4,800 पर्यंत, मूल चौदा वर्षांचं होईपर्यंत. म्हणून शाळेकडून शिक्षण, जेवण आणि सांभाळ यांची बिलं सुटी सुटी मागा आणि सगळे पैसे बँकेतूनच द्या. एकाच आकड्याचं गोळाबेरीज बिल घेऊन येणारे पालक मी दरवर्षी बघते, आणि मग मे महिन्यात त्यांची शाळेच्या कार्यालयाशी पत्रापत्री सुरू होते.

आता अन्यायाचा प्रश्न. मला मनापासून वाटतं, आठव्या वर्षी सरकारी शाळा हा अन्याय नाही. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्हणजे पुढे कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जायचं ते ठरण्याआधी तुमच्या मुलीला तीन-चार वर्षं मिळतात. बव्हेरिया राज्यात हा निकाल चौथीतच लागतो, तिथे मी एवढ्या ठामपणे बोलले नसते. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी इथे ‘विलकोमेन्सक्लासं’, म्हणजे स्वागतवर्ग असतात. कधी मुलाला थेट नेहमीच्या वर्गात बसवून जादा जर्मन देतात. शाळा मोफत, आणि पहिली ते सहावीचं दुपारचं जेवणही 2019 पासून मोफत.

सोपं जातं असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा पहिले काही महिने वर्गात जवळजवळ गप्प असायचा. गणितात हुशार, पण वहीत भागाकार मांडायची पद्धतच वेगळी. आपण भाजक डावीकडे घेऊन कंस काढतो, इथे 84 : 4 = 21 असं एका ओळीत लिहायचं आणि खाली वजाबाक्या उतरवत जायच्या. गुणाकाराला फुलीऐवजी मधला टिंब. दीड लिहायचा तर 1,5 असा स्वल्पविराम देऊन. बाईंनी त्याची जुनी वही मागवून घेतली, दोन्ही पद्धती फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यालाच वर्गाला समजावून सांगायला लावलं, जेमतेम जर्मनमध्ये. त्या दिवसापासून तो बोलायला लागला. अशा बाई फी भरून मिळतातच असं नाही, आणि सरकारी शाळेत मिळत नाहीत असंही नाही. म्हणून दाखल्याआधी एक दिवस वर्गात बसू द्याल का, हे दोन्हीकडे विचारा.

आणि एक मधला रस्ता आहे, जो तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो. सरकारी ‘ऑयरोपा-शूले’, 1992 पासून चालू आहेत. वर्गात अर्धी मुलं जर्मन मातृभाषेची, अर्धी जोडभाषेची, आणि विषय दोन भाषांत वाटलेले. इंग्रजीच्या जोडीसाठी वेस्टएंडची चार्ल्स डिकन्स शाळा आणि दक्षिणेकडची क्वेंटिन ब्लेक शाळा आहे. शिवाय विल्मर्सडॉर्फमध्ये नेल्सन मंडेला शाळा, तीही सरकारी आणि द्विभाषिक. फी नाही. मधल्या इयत्तेत प्रवेश मात्र जागा रिकामी असेल तरच, आणि भाषेची चाचणी होते. तिचं इंग्रजी वाचन चांगलं असेल तर आजच अर्ज करा.

माइनच्या_अलीकडे

फ्रँकफर्टहून. वरच्या ताईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त कराराबद्दल सांगतो, कारण आमचे पैसे तिथे अडकले होते.

फीच्या तक्त्याआधी करारातलं शाळा सोडण्याचं कलम वाचा. आमच्या करारात वर्षाच्या मध्ये सोडलं तरी पूर्ण वर्षाची फी देय होती, आणि सोडण्याची सूचना ठरावीक तारखेच्या आत लेखी द्यायची होती. नोकरी बदलली, शहर बदललं, शाळेला त्याचं काही नाही. सही आईवडिलांची, तेव्हा जबाबदारीही आईवडिलांची.

आणखी एक. तुमची कंपनी आज देत नाही म्हणतेय, पण पुढे वाटाघाटीत ‘थोडी फी आम्ही देऊ’ म्हणाली तर हुरळून जाऊ नका. शालेय वयाच्या मुलाची फी कंपनीने भरली की ती पगारातच धरतात आणि त्यावर कर लागतो. शाळेआधीच्या बालवाडीचं वेगळं, ते करमुक्त देता येतं. म्हणून विचारायचं ते असं: ‘फी देणार की फी आणि तिच्यावरचा कर दोन्ही देणार?’ या दोन उत्तरांत हजारो युरोंचा फरक आहे.

इमारत निधी परत मिळतो का तेही बघा. काही ठिकाणी ती अनामत असते, काही ठिकाणी गेलेले पैसे. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

परत_पुण्यात

आम्ही दोन वर्षांपूर्वी जर्मनीतून परत आलो, मुलगी तेव्हा सहावीत. तुम्ही परत येण्याची शक्यता दहा टक्के असली तरी एवढं करा.

निघताना पुण्याच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रकं सही-शिक्क्यानिशी घ्या. घाईत राहून जातं आणि नंतर परदेशातून मागवणं जिवावर येतं. तिकडची सहामाही प्रगतिपुस्तकं सगळी जपा आणि भाषांतर करताना गुणांची रीत त्यावर लिहून घ्या. तिकडे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 6 म्हणजे नापास. इथल्या प्रवेशाच्या टेबलावर आमच्या मुलीचे 1 आणि 2 बघून बाई काळजीत पडल्या होत्या.

आणि मराठी सोडू नका. भावनेचं आहेच, पण नियमाचंही आहे. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, 2020-21 पासून टप्प्याटप्प्याने. इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळाही त्यात आल्या. आमची मुलगी मराठी अस्खलित बोलायची, पण जोडाक्षरं वाचताना अडायची. रोज रात्री एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि आजीला पत्र लिहायला लावा, हाताने. व्हिडिओ कॉलने बोलणं टिकतं, लिहिणं टिकत नाही.

बाणेरची_आई

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आज सकाळी शाळेला तीन प्रश्न पाठवले: कुठल्या प्रकारची शाळा, कोणता विषय कोणत्या भाषेत, आणि मध्येच सोडल्यास काय. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर संध्याकाळीच आलं. पूरक शाळा आहे, आणि जर्मन सोडून सगळे विषय इंग्रजीत. तिसऱ्या प्रश्नावर ‘करारात वाचा’ एवढंच.

आम्ही दोघांनी ठरवलंय की आधी ऑयरोपा-शूले आणि मंडेला शाळेत अर्ज करायचे. मुलीला विचारलं, तर तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की वाचनालय आहे का. श्प्रेकाठताई, शेवटचा प्रश्न: तिथे जागा नसेल तर जवळची साधी सरकारी शाळा मिळते ना? ती कोण ठरवतं? आम्ही सुरुवातीला दोन महिने कंपनीच्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये असू.

श्प्रेकाठ

पत्त्यावरून ठरतं. पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी करायची, तो कागद घेऊन तुमच्या भागाच्या शिक्षण कार्यालयात जायचं, ते शाळा देतात. तात्पुरत्या पत्त्यावर नोंदणी केलीत तर त्या भागातली शाळा मिळेल आणि दोन महिन्यांनी मुलीला पुन्हा नवा वर्ग, नव्या बाई. तेवढं टाळा. कंपनीला सांगा की तात्पुरता फ्लॅट त्याच भागात द्या जिथे पुढे घर शोधणार आहात. आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांना असं मागितल्यावर मिळालं. आणि शक्य असेल तर उन्हाळी सुट्टी संपायच्या तीन-चार आठवडे आधी पोहोचा, सुट्टीत कार्यालयात माणसं कमी असतात.

वाचनालयाचं तिला सांगा: शहराची सार्वजनिक वाचनालयं मुलांना मोफत आहेत, आणि त्यांत इंग्रजी पुस्तकंही असतात. पत्ता झाला की दुसऱ्याच दिवशी कार्ड काढून द्या.