पंचविशीत सगळं संपतं का?

'पंचविशी उलटली की मॉडेलचं काम संपलं' असं नेहमी म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. रॅम्पवरचं काम लवकर आटतं, खरंय. तिथे कपड्याचं माप आधी ठरतं, शरीराने त्यात बसायचं असतं. पण फिट मॉडेलचं, म्हणजे कपडा तयार होत असताना तो अंगावर घालून माप तपासायला मदत करणाऱ्या मॉडेलचं काम बघा. तिचा चेहरा कुठेच छापला जात नाही. हात वर केला की काखेत ओढ बसते, बसल्यावर कंबर काचते, हे ती नेमकं सांगते आणि तिथल्या तिथे टाचणी लागते. ही जाण वर्षानुवर्षं कपडे घालूनच येते.

अमेरिकन मॉडेल कार्मेन डेलोरेफिचे १९४७ मध्ये 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्या आणि ऐंशी ओलांडल्यावरही रॅम्पवर चालत होत्या. अर्थात अशी नावं थोडीच.

मला खरी काळजी वाटते ती सुरुवातीच्या वर्षांची. कोवळ्या मुलींना मोठ्या बायकांचे कपडे घालून उभं करतात, मग अंग भरणं हाच त्यांचा दोष ठरतो. मोठ्यांच्या कपड्यांसाठी १६ वर्षांखालच्या मुली घ्यायच्या नाहीत, असं एलव्हीएमएच आणि केरिंग या बड्या फॅशन कंपन्यांनी ठरवलं ते थेट २०१७ मध्ये. फार उशीर केला.