उंदराची टोकाची भीती, आता मुलीलाही लागतेय : मदत हवी आहे

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. वय ३९, डोंबिवलीत तळमजल्यावर घर, घरात नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. मला उंदराची भीती वाटते. वाक्य साधं दिसतं, म्हणून नेमकं काय होतं ते सांगते.

जुलैत एका रात्री पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरातला दिवा लावला तर ओट्याखाली सिलिंडरच्या मागून शेपटी दिसली. फक्त शेपटी, तीही क्षणभर. भिंतीला चिकटून सरकली आणि ट्रॉलीमागे गेली. पुढचं मला नीट आठवत नाही, नवऱ्याने सांगितलं. मी खुर्चीवर उभी होते, पेला फुटला होता आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. छातीत धडधड, हातांना घाम, तळपाय गार. खाली उतरायला पाऊण तास लागला. तिसऱ्या दिवशी उंदीर पिंजऱ्यात सापडला, नवऱ्याने लांब नेऊन सोडला. तरी आजही मी दारात उभी राहून चमच्याने भांडं वाजवल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही.

सुरुवात कुठे झाली ते मला ठाऊक आहे. माहेर संगमेश्वरजवळच्या गावात. आठ-नऊ वर्षांची असताना आईने तांदूळ काढायला पाठवलं. पिंपाचं झाकण अर्धवट उघडं होतं. हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ, गरम लागलं. ते हललं. आत्ता लिहिताना उजव्या हाताची बोटं आखडली आहेत.

इतकी वर्षं मी हे कसंबसं निभावलं. आता दोन गोष्टींमुळे निभावत नाही.

पहिली, मुलगी. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. मूर्तीजवळचा उंदीर मी दूर्वांनी झाकून टाकते. कुणाच्या लक्षात येत नाही असं वाटायचं. गेल्या वर्षी लेकीने विचारलं, "आई, उंदीरमामाला थंडी वाजते का गं?" मी हो म्हटलं. जुलैच्या त्या रात्री मात्र ती उठून दारात आली होती. तिने मला खुर्चीवर पाहिलं. तेव्हापासून प्लॅस्टिकची पिशवी वाजली तरी ती पलंगावर चढते.

दुसरी, आई. दिवाळीनंतर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. आठ दिवस तिच्याजवळ राहायला हवं. माळ्यावर भात, पडवीत गोणी, रात्री खुडबुड ठरलेली. गेली चार वर्षं मी माहेरी सकाळी जाते आणि अंधार पडायच्या आत रत्नागिरीला बहिणीकडे परतते. आईला मी कामाची कारणं सांगते. तिला खरं कारण कळलेलं असणार, ती बोलत नाही.

एवढासा जीव, तो काय करणार, हे सगळं मला कळतं. बुद्धीला कळतं, पाय ऐकत नाहीत. यातून कुणी खरंच बाहेर पडलंय का? घरच्या घरी काय करता येतं, आणि डॉक्टरकडे जायचं तर कुणाकडे? मुलीशी कसं बोलू?

माजघर : मनाचं जाणकार सांगतील, मी घराचं सांगते. घरातला छोटा उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत येऊ शकतो. म्हणजे दाराखालून पेन्सिल सरकत असेल तर तोही येईल. सिंकखालचा पाइप भिंतीत जातो तिथली फट बघा, बहुतेक घरांत वाट तिथूनच असते. भांडी घासायची तारेची घासणी त्यात ठासून भरा, वरून सिमेंट लावा. नुसता कापड-कागद कोंबला तर तो कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. मोरीला बारीक जाळी बसवा. आणि लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, मग हातमोजे घालून कागदाने टिपून घ्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) उंदराच्या मुतातून पसरतो, त्यामुळे पायाला जखम असताना साचलेल्या पावसाच्या पाण्यातून चालणंही टाळा. एवढी काळजी रास्तच आहे, ती फोबियात मोजू नका.

पाऊलवाट : ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमचं वर्णन स्पेसिफिक फोबियाशी, म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीच्या टोकाच्या भीतीशी जुळतं. भीती सहा महिन्यांहून जास्त टिकलेली, खऱ्या धोक्याच्या मानाने खूप मोठी, आणि तिच्यापायी माहेरचा मुक्काम सुटलेला. मनाच्या आजारांत उपचारांना अतिशय चांगला प्रतिसाद देणाऱ्यांपैकी हा एक आहे, हे आधी ऐकून ठेवा.

पाय ऐकत नाहीत, कारण ही भीती समजावून जात नाही, अनुभवाने जाते. तुम्ही खुर्चीवर चढलात, उंदीर गेला, जीव भांड्यात पडला. मेंदूने नोंद केली : खुर्चीने वाचवलं. दारात भांडं वाजवणं, दूर्वांनी झाकणं, अंधाराआधी परतणं, दर वेळी सुटका होते आणि दर वेळी भीतीला खतपाणी मिळतं. खाली उभी राहिले असते तरी काही झालं नसतं, हे शिकायची संधी मेंदूला मिळालेलीच नाही. उंदराला लांबचं फारसं दिसत नाही, तो मिशांनी भिंत चाचपत तिच्या कडेकडेने पळतो. तुमचा उंदीर नेमकं तेच करत होता. तो तुमच्याकडे येत नव्हता, आडोसा शोधत होता.

उपचाराला एक्स्पोजर म्हणतात, म्हणजे भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाणं. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला, पांढऱ्या उंदराला, अगदी कापसालाही घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. आजही गाभा तोच आहे. स्वीडनचे लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८९ मध्ये तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीची पद्धत मांडली, पण ती तज्ज्ञासोबतच करायची.

तुमच्या बाबतीत किळसही मोठी आहे, ती त्या पिंपातल्या स्पर्शातून आलीय. किळस सावकाश उतरते. धडधड थांबली आणि अंग शहारतच राहिलं, तर उपचार फसला असं समजू नका.

मुलीबद्दल. सुझन मिनेका यांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांवर अभ्यास केला. त्यांना सापाची भीती नव्हती. सापाला घाबरणारी माकडं पाहिल्यावर ती घाबरायला लागली. पण ज्यांनी आधी सापाजवळ शांत असलेली माकडं पाहिली होती, त्यांना ती भीती सहसा लागली नाही. म्हणून आत्ता तरी घरात उंदीर निघाला तर बाबांनी तिला सोबत घेऊन, शांत आवाजात पिंजरा लावावा. आणि तुम्ही तिला खरं सांगा : आईला भीती वाटते, आई ती कमी करायला शिकतेय.

माजघर यांचा सल्ला पाळा, पण फटी एकदाच बुजवा. रोज रात्री टॉर्च घेऊन तपासत बसलात तर तेही टाळण्याचंच रूप होईल. जवळ कुणी मिळत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कुणाकडेही गेलात तरी पहिल्या भेटीत विचारा, "तुम्ही एक्स्पोजर करून घेता का?"

चिंचेचं झाड : ताई, मी यातून बाहेर आलोय, म्हणून लिहितो. मी पुरुष, वय ४४. ऑफिसात कुणाला सांगायची सोय नव्हती. गोदामात जायची वेळ आली की मी आजारी पडायचो. माझ्या चुलतभावाने "भीती मोडतो" म्हणून अंगावर रबरी उंदीर टाकला होता. त्यानंतर माझं दुपटीने बिघडलं. असं कुणालाही करू देऊ नका. पायरी तुम्ही निवडायची, वेळ तुम्ही ठरवायची.

माझ्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी वही करायला लावली. डावीकडे लिहायचं, काय होईल असं वाटतं. उजवीकडे, खरंच काय झालं. आणि भीतीचा आकडा, शून्य ते शंभर. पहिले तीन दिवस मी फक्त 'उंदीर' हा शब्द लिहिला, पानभर. पहिल्या दिवशी आकडा ५५, तिसऱ्या दिवशी १०. मग भाच्याने काढलेलं चित्र. मग फोटो, आधी फोन हातभर लांब ठेवून. मग आवाज बंद करून व्हिडिओ. तिथे मी दोन आठवडे अडकलो, कारण मला शेपटीच सोसत नव्हती. मग बाईंनी फक्त शेपटीचा फोटो दिला, नखाएवढा छापून. तो पाकिटात ठेवून फिरलो. त्यानंतर पेट शॉपमधले पांढरे उंदीर, आधी दुकानाच्या दारातून, मग काचेला हात लावून. एकच नियम होता : आकडा निम्म्यावर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. सगळं मिळून अडीच महिने.

आजही उंदीर दिसला की दचकतो. दचकून मग कामाला लागतो.

धागाकर्ती : अनंत चतुर्दशी झाली, म्हणून कळवतेय. तुम्हा तिघांचे किती आभार मानू कळत नाही. ठाण्यात एक बाई मिळाल्या, चार बैठका झाल्या. शब्द, चित्र, फोटो झाले. व्हिडिओचा आकडा ८० वरून ३५वर आलाय. भांडं वाजवणं सोडलं. पहिले पाच दिवस फार जड गेले, सहाव्या दिवशी दूध उतू जाईल म्हणून धावत आत गेले आणि नंतर लक्षात आलं की चमचा घेतलाच नव्हता.

लेकीला खरं सांगितलं. ती म्हणाली, मग मी चित्र काढून देते. फोनवरच्या फोटोंआधी मी तिचंच चित्र वापरलं. त्यातल्या उंदराला फ्रॉक आहे. यंदा मूर्तीजवळचा उंदीर उघडा ठेवला. आरतीच्या वेळी लेकीने माझं बोट धरून त्याच्या पाठीवर ठेवलं. गार, खडबडीत शाडू होता. आकडा २०.

आता विचारायचं ते दिवाळीचं. आईला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माळ्यावरचं भात काकाकडे हलवते, तू ये." बाईंचं मत आहे की भात हलवू नये, पहिल्या दोन रात्री दिवा लावून झोपावं, मग बंद करावा. पण ऑपरेशन आईचं आहे, त्या आठवड्यात मला माझी परीक्षा नकोय. ऑक्टोबरमध्ये आधी एकदा दोन रात्रींसाठी एकटीच जाऊन यावं असं मनात आहे. पाऊलवाट, चिंचेचं झाड, हे घाईचं होईल का? लेकीला त्या वेळी सोबत न्यावं की बाबांजवळ ठेवावं?