दहावी सीबीएसई दोनदा, आणि पोरगं निवांत!

नाशिकची_आई: 2026 पासून बोर्ड दोनदा झालंय ना, तर आमचे चिरंजीव म्हणतात फेब्रुवारीची ट्रायल, खरा अभ्यास मे साठी. काय बोलू आता?

गणितवाला_बाबा: अहो ताई, पहिली कंपल्सरी आहे! तीन किंवा जास्त विषयांना दांडी मारली तर मे मध्ये बसूच देत नाहीत. आणि मार्क सुधारायला पण जास्तीत जास्त तीनच विषय.

सानपाडा_मम्मी: इंटर्नल तर एकदाच. पण दोन्हीतला चांगला स्कोअर धरतात हे पण सांगा हं, आमच्या लेकीची झोप त्यावरच परत आली.. आणि मे ची तिकिटं काढू नका, आम्ही कोकणची काढून बसलोय 😅

नाशिकची_आई: तीनच?? थांबा, जेवताना ऐकवते.