'इम्पर्सोनेशन'ला काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: विंडोजवर चालणाऱ्या एका सेवेची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. मजकूर असा: सेवा दुसऱ्या वापरकर्त्याचं 'इम्पर्सोनेशन' करत असताना (म्हणजे त्याच्या ओळखीने काम करत असताना) 'कॅश' झालेल्या सेटिंग्जवर विसंबू नका. मी 'तोतयेगिरी' लिहिलं, तर तपासनिसांनी लाल रेघ ओढली. दुसरा शब्द आहे का?

घाटावरचा: रेघ योग्यच. तोतया म्हटलं की पानिपतानंतर उगवलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो; त्याला 1776 मध्ये देहदंड झाला. पेपरात रोज 'तोतया पोलिसाने दागिने लांबवले'. तुमची सेवा रीतसर टोकन, म्हणजे त्या वापरकर्त्याचं ओळखपत्र, घेऊन वावरते, कुणाला फसवत नाही. 'मुखत्यारी' लिहा.

कोरा_कागद: मुखत्यार स्वतःच्या नावाने येतो आणि दुसऱ्याच्या वतीने सही करतो. इथे सेवेच्या थ्रेडने (तिच्या कामाच्या एका धाग्याने) फाइल उघडली की परवानगी त्या दुसऱ्याचीच तपासली जाते. शिवाय मुखत्यार अरबी. 'रूपधारण' शुद्ध आहे.

नळावरची: शुद्ध असेल, पण बोलतं कोण? सोंग म्हणा, सोंग! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जचंही नाही. थ्रेडने दुसऱ्याचं टोकन घेतलं तरी 'एचकी करंट यूजर' ही रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) चालू वापरकर्त्याची किल्ली अख्ख्या प्रोसेससाठी, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमसाठी, एकदाच ठरते: जो थ्रेड ती आधी उघडेल, त्याच्या त्या वेळच्या ओळखीवरून. म्हणजे शांताबाईंच्या सोंगात असताना पहिल्यांदा उघडली, तर पुढे गणपतरावांनाही शांताबाईंच्याच सेटिंग्ज.

पाटीपेन्सिल: हे पुस्तिकेत नाहीच! मग करायचं काय?

नळावरची: सोंग घेणाऱ्या सेवेने ती किल्ली वापरूच नये, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. 'रेग-ओपन-करंट-यूजर' हे फंक्शन वापरा, ते थ्रेडचं टोकन पाहतं. पण त्या माणसाचं प्रोफाइल (त्याच्या सेटिंग्जचा संच) आधी चढवलेलं, म्हणजे लोड केलेलं, हवं. नाहीतर डीफॉल्ट सेटिंग्ज हाती येतात आणि चूक झाल्याचं कळतही नाही. माझ्या मते हे जास्त वाईट.

घाटावरचा: 'किल्ली' खटकलं. रजिस्ट्रीतली 'की' म्हणजे कप्पा. आणि 'कॅश' लिहिलंत तर वाचणारा रोकड समजेल.

कोरा_कागद: 'संचय' लिहा.

नळावरची: संचय तर पुण्याचा असतो! 'आधीच धरून ठेवलेल्या सेटिंग्ज' लिहा, लांब असलं तरी कळेल.

घाटावरचा: जाता जाता, तोतया हा 'तोता'वरून आला असावा, पढवलेलं बोलणारा. आमचे मास्तर तसं सांगत.

कोरा_कागद: मास्तरांना कोशात आधार होता का? नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. आणि तोता फारसीतून आलेला, म्हणजे तुमचा तोतयाही परकाच.

घाटावरचा: कागदही परकाच शब्द आहे. नाव बदलताय का?

पाटीपेन्सिल: मंडळी, सोंग की रूपधारण?

कोरा_कागद: आधी तोत्याचं ठरू दे.