बुबुळाच्या जखमेच्या अहवालात ‘आर’ आले आहे, पण डोळा सुधारतो आहे

परभणीकर:
तूर काढताना वडिलांच्या डोळ्याला काडी लागली आणि बुबुळावर फूल पडल्यासारखा पांढरा ठिपका आला. नेत्रतज्ज्ञांनी जखम खरवडून नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवला व मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब दर तासाला सुरू केले. आता अहवालात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आला असून मॉक्सिफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ आणि सेफाझोलिनपुढे ‘एस’ लिहिले आहे. ठणका मात्र उतरला आहे, उजेडही सोसतो आहे. पुढची भेट सोमवारी आहे. तोवर थेंब बंद करावेत का?

लातूरची लॅब:
‘आर’ म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे दाद देतो. परंतु किती औषधाला जिवाणू दाद देत नसला की ‘आर’ लिहायचे, ही मर्यादा गोळी किंवा इंजेक्शननंतर रक्तात औषध किती पोहोचते, त्यावरून ठरवलेली असते आणि ती मिलिलिटरला जेमतेम काही मायक्रोग्रॅमची असते. आपल्या ०.५ टक्क्याच्या थेंबात मात्र मिलिलिटरला ५००० मायक्रोग्रॅम औषध असते. अश्रूंनी ते लवकर धुऊन जाते, म्हणूनच दर तासाला घालायचे. त्यामुळे ‘आर’ असूनही डोळा सुधारू शकतो. तरीही अहवाल दुर्लक्षू नये. अशा जिवाणूची जखम भरायला वेळ लागतो, कधी ती बळावतेही.

नेत्रतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर:
थेंब बंद करू नका आणि सोमवारची वाटही पाहू नका. अहवाल आजच आपल्या डॉक्टरांना दाखवा. जखमेचा आकार, तिच्या कडा आणि बुबुळामागे पू साचला आहे का, हे स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहूनच औषध बदलायचे की नाही ते ठरते. सेफाझोलिनचे ५ टक्क्यांचे थेंब सहसा इंजेक्शनच्या कुपीपासून तयार करून घ्यावे लागतात, फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि थोड्याच दिवसांत टाकून द्यावे लागतात. आपल्याकडे शेतातल्या काडीकचऱ्याच्या जखमेत बुरशीही फार आढळते, म्हणून केओएच तपासणी (नमुन्यात बुरशी शोधण्याची) झाली आहे का, हे अवश्य विचारा. घरात लाली घालवणारे स्टेरॉइडचे जुने थेंब असतील तर ते कृपा करून घालू नका.

परभणीकर:
आभारी आहे. केओएच तपासणीत बुरशी आढळली नाही. डॉक्टरांनी आजच बोलावले आहे. धाकट्या मुलीचे डोळे आले आहेत. तिला हेच थेंब चालतील का?

नेत्रतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर:
नाही. डोळे येण्याची साथ बहुधा विषाणूची असते, त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. शिवाय बाटलीच्या टोकावरून एकाचा संसर्ग दुसऱ्याला होतो. तिचा टॉवेल वेगळा ठेवा आणि तिलाही आज सोबत न्या.