वरच्या दोघांनी लेखी नकार दिलाय, खुर्ची माझ्याकडे येतेय : आता ऑनलाइन शाळा-व्यवस्थापन शिकू की नको?

खडूधूळ
मी सोलापुरात एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सेवा 17 वर्षं. आमचे मुख्याध्यापक मेअखेर निवृत्त होतायत. ज्येष्ठता यादीत माझ्या वर दोघे, आणि दोघांनीही लेखी नकार देऊन टाकला. त्यातल्या सरांची नोकरीची दोनच वर्षं उरलीत. "आता कशाला ती डोकेदुखी," म्हणाले. मॅडमनी तर कारणसुद्धा सांगितलं नाही, नुसत्या हसल्या. थोडक्यात, जूनपासून खुर्ची माझी.

1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मी पात्र आहेच : पदवी, बी.एड., पाच वर्षांचा अनुभव, त्यातली दोन बी.एड.नंतरची. पण पात्र असणं वेगळं आणि काम येणं वेगळं. बी.एड.ला पाठटाचण शिकवलं, वर्ग सांभाळायला शिकवलं. 34 माणसांचा स्टाफ सांभाळायला कोणी शिकवलं नाही.

म्हणून पर्याय बघतेय. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, नाहीतर इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाची पदव्युत्तर पदविका. किंवा मग सरळ दोन वर्षांचं शिक्षणशास्त्रातलं एम.ए. माझं मत : हे शिक्षण मुख्याध्यापक होणाऱ्याला सक्तीचं करायला हवं. घरच्यांचं मत : ज्याला काही उपयोग नाही त्याला फी कशाला? तुमचं काय?

जुना_मुख्या
घरचे बरोबर बोलतायत. नियमावलीत या पदविकेला एका ओळीची जागा नाही. खुर्ची ज्येष्ठतेनं मिळते. आणि जूनमध्ये चार्ज घेऊन जुलैच्या सत्राला प्रवेश म्हणजे वरातीमागून घोडं.

मी नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. पहिल्या आठवड्यात काय झालं सांगतो. एक बाई मुलाचा दाखला घेऊन आल्या. जनरल रजिस्टरला जन्मतारीख 12, दाखल्यावर 21, आणि आधारवर तिसरीच. मुलाचा अकरावीचा प्रवेश अडलेला. लिपिक रजेवर. त्याच दुपारी पोषण आहाराची तपासणी. नोंदवहीत तांदूळ 310 किलो, प्रत्यक्षात पोती मोजली तर दोनशे चाळीसच्या आसपास. आधीच्या सरांनी चार्ज यादीवर, म्हणजे पदभारासोबत सोपवायच्या वस्तूंच्या यादीवर, सही करून दिलेली आणि मी न मोजता घेतलेली. त्या 70 किलोंनी मला दीड महिना झोपू दिलं नाही. "नेतृत्वाच्या शैली" या प्रकरणात याचं उत्तर आहे का?

संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) बघा, शालार्थचं म्हणजे ऑनलाइन पगाराचं बिल बघा, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी बघा. पटावरची मुलं आधारला जुळली नाहीत तर तुमचाच एखादा सहकारी अतिरिक्त ठरतो, आणि तो रोज तुमच्यासमोर बसून डबा खातो. हे शिकायचं तर एखाद्या चांगल्या मुख्याध्यापकाशेजारी आठ दिवस बसा. फुकटात.

होटगी_रोड
सर, तुमचं सगळं अनुदानित शाळांपुरतं. आमच्याकडे सीबीएसईच्या खाजगी शाळेत ज्येष्ठता वगैरे काही नसतं. उपप्राचार्यपदाच्या मुलाखतीत पहिला प्रश्नच "बी.एड.नंतर काय केलंत?" आम्हाला कागद लागतो. खडूधूळताई, तुम्हाला नाही लागत. नशीबवान आहात.

विजापूरवेस
अल्पसंख्याक संस्थांचंही ध्यानात घ्या. मी उर्दू माध्यमात आहे. आमच्या संस्थेला मुख्याध्यापक निवडायची मोकळीक आहे, ज्येष्ठतेनंच घ्या असं बंधन नाही. तिथं कोण काय शिकलाय हे बघितलं जातं. निदान बघितलं जावं.

अक्कलकोटी_गुरुजी
मी झेडपीचा, कन्नड माध्यमाचा. स्पष्टच बोलतो, राग मानू नका की.

ह्या दूरशिक्षणाची मजा मी जवळून बघितलीय. गृहपाठाला 30 टक्के, परीक्षेला 70. त्यातले 30 कसे येतात? झेरॉक्सच्या दुकानात लिहून तयार असलेले गृहपाठ मिळतात, वर आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक टाकायचा. वरिष्ठ आणि निवड या वेतनश्रेणींसाठीचं प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा आमच्या घरी मोबाईलवर व्हिडिओ चालू, मी गोठ्यात. शेवटी प्रमाणपत्र आलं, माझ्यात फरक काही आला नाही. म्हशीनं मात्र सगळं ऐकलं.

आणि पुस्तकं मराठीत नाहीतर इंग्रजीत. माझ्या शाळेत पालक कन्नड बोलतात, मुलं घरी कन्नड, अधिकारी मराठी. त्या अभ्यासक्रमात सीमाभागातली शाळा कुठं आहे?

तिसरी_तासिका
गुरुजी, गोठ्यात तुम्ही गेलात, त्यात अभ्यासक्रमाचा काय दोष?

मी इग्नूची ती पदविका पूर्ण केलीय, नोकरी करत. रात्री साडेनऊनंतर अभ्यास. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर घराबाहेर इतका आवाज की कानात कापूस घालून वाचायचे. बरीच प्रकरणं रटाळ होती, खोटं का बोलू? व्यवस्थापनाचे सिद्धान्त कारखान्यांवरून उचललेले वाटतात. पण पाठ-निरीक्षणाचं वाचलं आणि स्वतःहून करून बघितलं, त्यासाठी मी सगळे पैसे पुन्हा भरेन.

मैत्रिणीच्या विज्ञानाच्या तासाला मागं बसले. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही, फक्त मोजायचं असं ठरवलं. 35 मिनिटांत तिनं 23 प्रश्न विचारले. 19 उत्तरं पहिल्या दोन बाकांवरून आली. खिडकीकडच्या रांगेतल्या मुलींना एकही प्रश्न गेला नाही. कागद तिला दाखवला तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "उद्या तुझ्या तासाला मी बसते." माझे आकडे तिच्याहून वाईट निघाले!

जुना_मुख्या सर, नऊ वर्षांत तुम्ही किती तासांना असं बसलात? लॉगबुकातला "पाठ समाधानकारक" हा शेरा धरू नका.

जुना_मुख्या
खरं सांगू? वर्षाला दोनदा, शेरा लिहिण्यापुरता. वेळच नव्हता. तांदूळ मोजत होतो.

कडकभाकरी
काय बे, तांदळावरच गाडी अडकली होय तुमची 😄 मी लिपिक आहे शाळेत. आमची बाजू ऐका. मुख्याध्यापकाला काहीच येत नसलं की काम आमच्यावर पडतं, आणि थोडं जास्त शिकून आलं की रोज नवीन तक्ते मागतात. दोन्हीकडून मरण आमचंच.

होटगी_रोड
एक महत्त्वाचं. परदेशी विद्यापीठाची "एज्युकेशनल लीडरशिप"मधली ऑनलाइन पदवी म्हणून फोन येतात, हप्त्यांची सोय वगैरे. आमच्या एका सहकाऱ्यानं पैसे भरले आणि मग कळलं की इथं मान्यता नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, डिसेंबर 2023 मध्ये अशा पदव्यांबद्दल सावध केलंय. आपल्याकडच्या मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, हे यूजीसीनंच 2022 मध्ये सांगितलंय. तेव्हा आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत नाव बघा, मग खिशात हात घाला.

खडूधूळ
सगळ्यांचं वाचलं. सक्तीचं करा हे माझं म्हणणं मागं घेते. सक्ती झाली की सगळेच झेरॉक्सच्या दुकानात जातील, हे गुरुजींचं पटलं. पण "उपयोग नाही" हे पटलं नाही. सर म्हणतात तसं चांगल्या मुख्याध्यापकाशेजारी बसायचं, तर तो चांगला आहे हे मी ओळखू कशी? आमच्याकडे जे चालत आलंय तेच मी चांगलं समजून शिकेन. न मोजता सही करायलाही अशीच शिकले असते.

एम.ए. तूर्त नाही. नीपा या दिल्लीच्या राष्ट्रीय शिक्षण-नियोजन संस्थेच्या शालेय नेतृत्व केंद्राचा बिनफीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मेच्या सुट्टीत सुरू करते, जुलैत पदविकेचा अर्ज. आणि 23 प्रश्नांचा तो कागद सोमवारी स्वतःच्या वर्गावर करून बघणार आहे, नववी ब. जुना_मुख्या सर, चार्ज यादीचं तुमच्याकडून शिकायचंय. जमेल का?

अक्कलकोटी_गुरुजी
गृहपाठ स्वतः लिहिलात तर मला दाखवा. मानीन.

जुना_मुख्या
मॅडम, रविवारी दहाला या. पत्ता खाजगीत पाठवतो. माझी जुनी चार्ज यादी काढून ठेवतो, लाल शाईच्या खुणांसकट. वजनकाटा शाळेतलाच वापरा, पण आधी त्यावर किलोचं माप ठेवून बघा. आमचा काटा दीडशे ग्रॅम जास्त दाखवायचा.