घरची मंडळी ग्रुप : रेवाने बारावीला कुठलं गणित घ्यावं?

मीनलताई (न्यू जर्सी): रेवाच्या पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारी द्यायचाय आणि घरात परत तेच सुरू झालंय. ह्यांना एपी, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलसच हवं. तिला सायकॉलॉजी करायचंय, म्हणून तिला एपी स्टॅटिस्टिक्स. काल बापलेक जेवताना एक अक्षर बोलले नाहीत. काय ते इथेच सांगा, मला वेगवेगळे फोन नकोत.

नानाकाका: कॅल्क्युलस घ्यावे. पाया पक्का होतो.

सुमामावशी: रेवा बारावीला आली? 🙏 देवगडच्या पेट्या सांगायच्यात, कोणाकोणाला हव्यात?

प्राजक्ता (टेक्सास): ताई, स्टॅट्स. सायकॉलॉजीला कॉलेजात ते करावंच लागतं, मी केलंय. अल्जेब्रा टू, म्हणजे शाळेतला बीजगणिताचा दुसरा कोर्स, झालेला असला की पुरतं. पण सोपं समजू नका हं. पी-व्हॅल्यू (औषधाचा काहीच परिणाम नसता तरी निव्वळ योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०३ आली आणि पोरांनी "औषध लागू पडण्याची शक्यता ९७ टक्के" असं लिहिलं की मार्क गेलेच. आकडा बरोबर असूनही! अर्थ नीट वाक्यात लिहावा लागतो.

नानाकाका: तरी कॅल्क्युलस घ्यावे. इंजिनीअरिंगचा रस्ता मोकळा राहतो.

मीनलताई: काका, तिला इंजिनीअरिंगला जायचंच नाहीये.

अजयदादा (पुणे): मला अकरावी कॉमर्सला गणित सोडून एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस (कंपनीचा पत्रव्यवहार, सभांच्या नोटिसा वगैरे), घ्यायला कोणी सांगितलं होतं? दिल्लीला इकॉनॉमिक्स ऑनर्सचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा कळलं, बारावीला गणित हवं.

नानाकाका: तुझे दहावीचे गणिताचे मार्क बघून सांगितले होते. जुने उकरू नकोस.

नानीकाकू: अहो, ग्रुपवर नको.

बंटी: दादा, एसपी झालंय ना? काकांना रीतसर मीटिंगची नोटीस काढ. एजीएम (कंपनीची वार्षिक सभा) असेल तर २१ दिवस आधी 😄

सुमामावशी: बंटी, तुझी एक पेटी धरू?

संजयराव (रेवाचे बाबा): सगळं वाचतोय. मी हट्टाने बोलत नाहीये. कॉलेजवाले शेवटच्या वर्षी मुलाने अवघड विषय टाळलेत का ते बघतात. आणि उद्या तिचं मन बदललं, इकॉनॉमिक्स किंवा बिझनेसकडे वळली, तर कॅल्क्युलस लागेलच.

प्राजक्ता: जीजू, लागेल हे खरंच. पण तेव्हा कॉलेजात घेता येतं. आत्ता प्रीकॅल्क्युलसच्या ट्रिगोनोमेट्रीला रोज रात्री बारा वाजतायत तिला, ताई म्हणाली. बारावीचं पहिलं सेमिस्टर अर्जांचं, त्यात हे ओझं कशाला? फक्त गणित पूर्ण सोडू देऊ नका. यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, गणिताची तीन वर्षं सक्तीची आहेत, तरी चार करा असं ते स्वतःच सांगतात. तिच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर बघून घ्या.

नानाकाका: मी दोनदा सांगितले आहे. ज्यांना विचारायचे नसते त्यांनी ग्रुपवर टाकू नये.

मीनलताई: काका, तुम्हाला विचारलं म्हणूनच टाकलं. राग नसावा.

अजयदादा: मीनल, तिला काय वाटतं ते तिच्याच तोंडून ऐका एकदा. मला कोणी विचारलं नव्हतं.

संजयराव: आज संध्याकाळी मी आणि रेवा बसून यादी बघतो. तिच्या एकाही कॉलेजला सायकॉलॉजीसाठी कॅल्क्युलस लागत नसेल, तर स्टॅट्स भरतो.

मीनलताई: चालेल. मावशी, आमच्या नावाची पेटी आईकडे द्या.